धर्मभगिनींचा उन्हाळा : मराठवाड्याच्या माळावरील एक दुर्लक्षित प्रश्न

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की औसा, निलंगा, लातूर या बालाघाटच्या पठारावरील गावांत दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंची असल्यामुळे औशाची रात्र नांदेडच्या रात्रीपेक्षा थोडी सुसह्य असते. गोदाकाठच्या नांदेडात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेला की पहाटेपर्यंत भिंती तापलेल्याच राहतात. मात्र उंचीमुळे हवा निवली तरी पाणी मिळत नाही. काळ्या पाषाणाच्या या माळाखाली पाणी फारसे मुरत नाही आणि साठतही नाही. कूपनलिका पाचशे फूट गेली, सातशे फूट गेली, तरी वर धूळच येते, हा येथील शेतकऱ्याचा अनुभव आहे आणि या भागात सेवाकार्य करणाऱ्या व्रतस्थांचाही.

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. मराठवाड्याचा विस्तीर्ण प्रदेश आणि त्यात विखुरलेली मूठभर कॅथोलिक कुटुंबे असे त्याचे स्वरूप आहे. लातूर-नांदेडच्या बाजूला तर रविवारच्या पवित्र मिस्साला जमणारा समुदाय अनेक ठिकाणी एका खोलीत मावतो. अशा प्रदेशात ख्रिस्तसभेचा चेहरा म्हणून लोक ज्यांना ओळखतात त्या बहुधा धर्मभगिनी असतात. दवाखान्यातील सिस्टर, वसतिगृहातील सिस्टर, बचत गटाच्या बैठकीला एस.टी.ने येणाऱ्या सिस्टर. मंदिराची पायरी कधीही न चढलेला माणूसही त्यांना नावाने हाक मारतो.

याच धर्मभगिनींच्या उन्हाळ्याविषयी आपल्या समाजात एक गोड गैरसमज रूढ आहे. परीक्षा संपल्या, शाळा बंद झाल्या, मुली घरी गेल्या, म्हणजे सिस्टरांना दोन महिने सुट्टी! मिस्सानंतर मंदिराच्या दारात हे वाक्य हसत-हसत उच्चारले जाते आणि त्याही हसून ते ऐकून घेतात. प्रिय वाचक बंधु-भगिनींनो, या हसण्याच्या मागे काय आहे याचा थोडा विचार करू या. कारण उन्हाळा हा व्रतस्थ जीवनाच्या वर्षातील सर्वांत दाटीवाटीचा ऋतू आहे, आणि तो दिवसेंदिवस कठीण होत चालला आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. केंद्र शासनाने २०१९ साली जल जीवन मिशन सुरू करताना ग्रामीण भागातील प्रत्येक माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले. पन्नास मुलींचे एक लहान वसतिगृह घेतले तर केवळ मुलींसाठी दिवसाला २,७५० लिटर पाणी लागेल. पाच हजार लिटरचा टँकर दोन दिवसही पुरणार नाही. म्हणून परीक्षेचा शेवटचा पेपर आणि टाकीचा तळ यांची शर्यत मार्चपासूनच सुरू होते. मुली घरी गेल्यावर घरात तीन किंवा चार भगिनी उरतात आणि मग काटकसरीचे ते जुने शास्त्र पुन्हा चालू होते. अर्ध्या बादलीत आंघोळ. तांदूळ धुतलेले पाणी पपईच्या झाडाला. कपडे धुतलेले पाणी फरशीला. वेदीवरील वस्त्रे धुताना पहिले पाणी गटारात न सोडता स्वच्छ मातीत ओतावे असा आपला जुना दंडक आहे. ओलावा दुर्मीळ झालेल्या अंगणात ते पाणी नेमके कोणत्या रोपाच्या मुळाशी ओतायचे हे ठरलेले असते.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरात आली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि पाऊस पडेपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ते पाणी प्रामुख्याने लातूर शहरासाठी होते. औशासारख्या तालुक्याच्या गावांना आणि खेड्यांना टँकरचाच आधार होता. २०२४ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात टँकरच्या रांगा पुन्हा दिसल्या. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच प्रदेशातील शेते अतिवृष्टीने वाहून गेली. पाणी नाही म्हणून आणि पाणी फार झाले म्हणून, अशा दोन्ही कारणांनी येथील माणूस उद्ध्वस्त होतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हापासून या भागाने संकटांची सवय करून घेतली आहे असे बाहेरचे लोक म्हणतात. अशी सवय कोणाला होत नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सुरक्षित पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्या पत्राची पारायणे आपण थंड सभागृहांत पुष्कळ केली आहेत.

आता उन्हाळ्याच्या कामांकडे वळू. कोणत्याही धर्मभगिनीच्या वर्षात तीन गोष्टी अशा असतात ज्या शाळेच्या दिवसांत करता येत नाहीत. पहिली, वार्षिक तपसाधना. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ६६३ व्या कलमानुसार प्रत्येक व्रतस्थाने दरवर्षी आध्यात्मिक एकांतवासाचा काळ निष्ठेने पाळावयाचा असतो. बहुतेक संघांत हा काळ साधारण आठ दिवसांचा असतो. मौन, प्रार्थना, मनन, फोन बंद. दुसरी, माहेरची भेट. ती दरवर्षी मिळेलच असे नाही, संघाच्या नियमावलीप्रमाणे काही दिवसांची मिळते. वसईच्या वाडीत, केळीच्या बागेत आणि बाराही महिने पाणी असलेल्या विहिरीजवळ वाढलेली मुलगी मराठवाड्यात पंधरा उन्हाळे काढून घरी जाते, तेव्हा तिची वृद्ध आई तिला पहिला प्रश्न विचारते, तू एवढी काळवंडलीस कशाने? तिसरी गोष्ट बदलीची. मे महिन्यात प्रोव्हिन्शियल सिस्टरांचे पत्र येते आणि औशाच्या माळावर दहा वर्षे रुजलेली भगिनी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन पिशव्या घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात निघून जाते. आज्ञापालनाच्या व्रतात हे गृहीत आहे. गावातल्या बायका मात्र बसथांब्यावर रडतात, आणि पुढे कित्येक दिवस नव्या सिस्टरची तुलना जुन्या सिस्टरशी चालते.

या तिन्ही गोष्टी सुमारे सहा आठवड्यांत बसवायच्या असतात. त्यांतच मरियामातेचा महिना येतो, जपमाळेसाठी घरोघरी जावे लागते. मुलांची उन्हाळी शिबिरे येतात, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांचे वर्ग येतात, संघातील व्रतग्रहणाचे आणि रौप्यमहोत्सवांचे सोहळे येतात. दवाखाना तर बंद होतच नाही. उन्हात काम करून चक्कर आलेले मजूर, जुलाबाने गळून गेलेली तान्ही मुले, अवघडलेल्या गरोदर स्त्रिया; ज्या महिन्यात एक सिस्टर एकांतवासाला आणि दुसरी माहेरी गेलेली असते, नेमक्या त्याच महिन्यात व्हरांड्यातील रांग सर्वांत लांब असते. मधूनच एखादी म्हातारी शेवयांचे यंत्र मागायला येते किंवा कुरडयांचा चीक ढवळायला सिस्टरांनाच हात लावायला सांगते. तेवढाच काय तो उन्हाळ्याचा आनंद!

याहून गंभीर असा एक प्रश्न वसतिगृहांतून उभा राहतो. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर परततात. २०२१-२२ च्या हंगामात ऊस एवढा झाला की मराठवाड्यातील काही कारखान्यांचे गाळप जूनपर्यंत लांबले. शाळेला सुट्टी लागली, परंतु आई-वडील अजून फडातच. अशा वर्षी मुलीने जायचे कोठे? नियमाप्रमाणे वसतिगृह बंद, टाकीत पाणी नाही आणि मुलगी दारात उभी. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. उन्हाळा ही लग्नसराई. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. नांदेडच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे जवळजवळ दर दोघींपैकी एक! एप्रिलमध्ये पेटी घेऊन घरी गेलेली नववीतील मुलगी जूनमध्ये परत येईलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. अनुभवी भगिनी म्हणूनच मे महिन्यात काही ना काही निमित्त काढून मुलींच्या घरी जाऊन येतात. चहा घेतात, निकालाची चौकशी करतात, अंगणात मांडवाचे बांबू आलेत का ते पाहतात.

आता हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहा. एकीकडे कायद्यानेच सांगितलेला एकांतवास, ज्यात फोन बंद ठेवायचा आहे. दुसरीकडे एखाद्या मुलीचा फोन, ‘सिस्टर, माझं लग्न ठरवलंय.’ तो फोन कोणी घ्यायचा? आज याचे उत्तर एवढेच आहे की सिस्टर एकांतवास अर्धवट ठेवतात, किंवा आठवडाभर तो मनात सल घेऊन पूर्ण करतात. ही त्यागाची थोर कथा म्हणून आपण व्यासपीठावरून सांगतो. प्रस्तुत संपादकाच्या मते ही त्यागापेक्षा व्यवस्थेच्या अभावाची कथा आहे.

कॅनन कायद्यात एक विषमता आहे, तिच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. ५३३ व्या कलमात प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुट्टीवर जाण्याची मुभा आहे आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस या महिन्यात धरू नयेत असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. २८३ वे कलम तर सर्वच धर्मगुरूंना दरवर्षी पुरेशा सुट्टीचा हक्क देते. धर्मगुरूंविषयीची कोणती कलमे व्रतस्थांनाही लागू होतात हे ६७२ व्या कलमात सांगितले आहे. त्या यादीत २८३ वे कलम नाही. धर्मभगिनीची सुट्टी तिच्या संघाच्या घटनेवर आणि सुपिरियरच्या विवेकावर सोपविलेली आहे. सदस्यांना त्यांच्या पाचारणासाठी आवश्यक ते सर्व संघाने पुरवावे असे ६७० वे कलम म्हणते, आणि त्या ‘आवश्यक’ गोष्टींत विश्रांती येते असे मानणाऱ्या समंजस सुपिरियर पुष्कळ आहेत. परंतु समजूतदारपणावर अवलंबून राहणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. मी स्वतः धर्मगुरू आहे, या दोन्ही कलमांचा दरवर्षी लाभ घेतो. म्हणूनच हा मुद्दा माझ्यासारख्याने मांडणे अधिक उचित वाटते.

हा विषय केवळ मराठवाड्यापुरता नाही. व्हॅटिकनच्या ‘ल’ओस्सेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राच्या स्त्रियांसाठीच्या मासिक पुरवणीने मार्च २०१८ मध्ये धर्मगुरूंच्या घरी विनामोबदला राबणाऱ्या भगिनींची व्यथा छापली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच पुरवणीने अतिश्रमाने थकून गेलेल्या, मनाने खचलेल्या व्रतस्थ स्त्रियांचा विषय हाती घेतला. ६ जानेवारी २०२५ रोजी व्रतस्थ जीवनाच्या व्हॅटिकन विभागाच्या प्रमुखपदी सिस्टर सिमोना ब्राम्बिला यांची नेमणूक झाली. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. दरम्यान जगातील धर्मभगिनींची संख्या घटत आहे, २०२३ अखेर ती सहा लाखांच्या खाली आली. भारतात अद्याप सुमारे एक लाख भगिनी आहेत, तरी ज्या कुटुंबांतून पूर्वी दोन-दोन मुली संघात जात त्या कुटुंबांत आता एकूण अपत्येच दोन असतात. पूर्वी सहा जणी होत्या तेथे तिघी आहेत आणि त्या तिघींतील एक साठीच्या पुढची आहे, ही स्थिती अनेक घरांत आहे. काम मात्र सहा जणींचे.

येथे इतिहासातील एक गोष्ट सहज आठवते. इंग्रजी अमदानीत युरोपीय संघांनी थंड हवेच्या ठिकाणी घरे बांधली; पाचगणीचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ साली ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाने सुरू केले. उष्ण प्रदेशात काम करणाऱ्या माणसाला काही दिवस गारवा हवा, एवढे शहाणपण त्या काळच्या लोकांकडे होते. तेव्हाच्या साहेबी थाटाबद्दल हवे ते म्हणा, पण औशाच्या पत्र्याखाली मे काढणाऱ्या भारतीय भगिनीला आठ दिवस डोंगरावर पाठवावे असे आज किती धर्मग्रामांना सुचते?

उन्हाळा हा प्रवासाचाही काळ, आणि त्या बाबतीत २०२५ ने एक नवी चिंता दिली. २५ जुलै रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वेस्थानकावर मूळच्या केरळच्या दोन धर्मभगिनींना, त्यांच्यासोबत असलेल्या तरुणींवरून, मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. २ ऑगस्टला न्यायालयाने त्यांना जामीन दिला. तेव्हापासून मुलींना घरी पोहोचविणे किंवा शिबिराला नेणे ही साधी गोष्ट उरलेली नाही. पालकांची लेखी संमती, मुलींच्या ओळखपत्रांच्या प्रती, प्रवासाचा हेतू सांगणारे संस्थेचे पत्र, हे सारे पिशवीत असल्याखेरीज निघू नये. शक्य तेथे पालकांपैकी कोणी बरोबर यावे. यात भित्रेपणा नाही. मात्र ही कागदपत्रे जमविण्याचे कामही पुन्हा त्या तिघींवरच पडते, आणि धर्मग्रामातील एखादा निवृत्त शिक्षक वा बँकेत काम केलेला गृहस्थ ते सहज करू शकला असता.

मग करायचे काय? उपाय कायद्यातच आहे. महागुरुस्वामी एखादे कार्य व्रतस्थ संघाकडे सोपवितात तेव्हा दोहोंमध्ये लेखी करार व्हावा, असे ६८१ व्या कलमाचे म्हणणे आहे. कामाचे स्वरूप, त्यासाठी द्यावयाचे सदस्य आणि आर्थिक बाबी या करारात नीट नमूद करावयाच्या असतात. अशा करारात आणखी काही ओळींची भर घालायला कोणाची हरकत असावी? भगिनी तपसाधनेला आणि सुट्टीला गेल्या असता दवाखाना व वसतिगृह कोण पाहणार. बदली होणाऱ्या भगिनीने नव्या भगिनीबरोबर निदान दोन आठवडे काढावेत. पाण्याची साठवण, कूपनलिकेचे पुनर्भरण आणि टँकरचा खर्च कोणाच्या खात्यातून होणार. छतावरचे पावसाचे पाणी साठविण्याची सोय असल्याशिवाय मराठवाड्यात नव्या इमारतीस परवानगी देऊ नये, असेही सुचवावेसे वाटते. ज्या माळावर पाऊस साधारण चार महिनेच असतो तेथे छतावरून ओघळणारे पाणी वाहू देणे परवडणारे नाही.

प्रापंचिकांचा वाटा याहून सोपा आहे. मे महिन्यातील जपमाळ सिस्टरांशिवाय होऊ शकते. शिबिरात मुलांना शिकवायला महाविद्यालयात जाणारी आपलीच मुले-मुली आहेत. मुलींच्या घरी चौकशीला दोन प्रौढ स्त्रिया जाऊ शकतात, आणि बालविवाहाची चाहूल लागली तर १०९८ या क्रमांकावर फोन करण्यासाठी धर्मभगिनीच असावे लागत नाही. वसई, मुंबई, पुणे येथील संपन्न धर्मग्रामे आपल्या सणांवर जे खर्चतात त्यातील अल्पसा भाग मराठवाड्यातील एका घराच्या टाकीसाठी देऊ शकतात. त्या घरात राबणारी भगिनी कदाचित त्यांच्याच वाडीतली असेल.

याला कोणी म्हणेल, व्रतस्थ जीवन म्हणजे सुखसोयी नव्हेत, सिस्टरांनी स्वतःहून हे पत्करले आहे. खरे आहे. दारिद्र्याचे व्रत त्यांनी घेतले आहे. परंतु तहानेचे व्रत कोणत्याही संघाच्या घटनेत नाही. प्रेषितगण काम करून परतले तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. लोक तेथेही त्यांच्या मागे आलेच, आणि गर्दी पाहून प्रभूला कळवळा आला व तो स्वतः त्यांना शिकवू लागला. या उताऱ्यावर प्रवचन करताना आपण दुसऱ्या भागावर भर देतो; पहिला भागही त्याच शुभवर्तमानात लिहिलेला आहे.

मराठवाड्यातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि त्याच सुमारास धर्मग्राम मंडळांच्या नव्या वर्षाच्या बैठका सुरू होतात. त्या बैठकांच्या विषयपत्रिकेवर मंदिराची रंगरंगोटी असते, सणाचा मांडव असतो. तेथे या वर्षी ‘धर्मभगिनींचा पुढील उन्हाळा’ हा विषय घ्यावा. करार कपाटातून बाहेर काढून वाचावा, आणि करारच झालेला नसेल तर तशी नोंद करून धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे पाठवावी. भगिनींपैकी एकीला बैठकीला बोलवावे आणि टाकी किती लिटरची आहे व मार्चमध्ये ती किती दिवस पुरली, हे तिच्याकडूनच ऐकावे.